वाय-फायची रेंज येते कुठून?

भिंतीवरची ही पांढरी डबी, म्हणजे राउटर. तिच्यातून निघालेल्या लहरी हातातल्या मोबाइलपर्यंत येतात, घरात फार तर दहा-पंधरा मीटर. बिनतारी भाग एवढाच. त्यामागे आहे काच.

डबीत शिरणाऱ्या केबलमधला काचेचा धागा १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश धावतो तो मधल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, घरातून जाणारा १३१०चा. म्हणून एकाच धाग्यावर दोन्ही भागतं. खांबावरच्या पेटीतला स्प्लिटर हाच प्रकाश ३२ घरांना वाटतो, तेव्हा एका घराला मूळ प्रकाशाचा बत्तिसावा हिस्साही धड मिळत नाही. त्यात कपाटामागे केबल दुमडली, की वळणावर प्रकाश बाहेर गळतो. प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवर उणे २७ डीबीएमच्या (ताकदीचं एकक) खाली आकडा घसरला की डबीवरचा एलओएसचा, म्हणजे प्रकाश पोहोचत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकू लागतो. अशा वेळी राउटर बंद-चालू करून काही होत नाही.

तुटलेला धागा जोडताना आधी आवळनळी, म्हणजे तापवली की जोडावर आवळून बसणारी नळी, ओवून घ्यायची. ती राहिली, तर झालेला जोड पुन्हा तोडावा लागतो. मग आवरण सोलायचं, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने टोक काटकोनात कापायचं. स्प्लायसिंग मशीन दोन्ही टोकं समोरासमोर आणतं, विजेची ठिणगी पडते आणि काच वितळून एकजीव होते. पडद्यावर जोडातली प्रकाशाची घट ०.०२ डेसिबल आली तर उत्तम. ०.१च्या वर गेली तर पुन्हा कापा. बहुतेकदा धूळ असते, नाहीतर काप तिरका.

लाल दिवा लागलेला नाही, तरी नेट रखडतं? मग अडचण हवेत आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंत बरी ओलांडते, पण शेजाऱ्यांचे राउटरही तिथेच गर्दी करतात. चॅनल १, ६ किंवा ११पैकी मोकळा असेल तो घ्या. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण सिमेंटच्या भिंतीपुढे लवकर थकतो. राउटर टीव्हीमागे कोंबू नका, घराच्या मध्यावर उंच ठेवा.

परदेशातली वेबसाइट उघडली, तर पुढचा धागा मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरलेला असू शकतो. तळावर ठरावीक अंतरावर क्षीण झालेला प्रकाश पुन्हा वाढवणारे रिपीटर असतात आणि त्यांना वीज किनाऱ्यावरूनच, त्याच केबलमधल्या तांब्यातून जाते. ही केबल तुटते ती बहुधा जहाजाच्या नांगराने किंवा मासेमारीच्या जाळ्याने. दुरुस्तीचं जहाज आकड्याने दोन्ही टोकं वर ओढतं, मध्ये नवा तुकडा घालतं. डेकवरही तेच: सोला, पुसा, कापा, ठिणगी.