खालून येणारी खडखड

(दृश्य : वडोदऱ्याचा दांडिया बाजार, सकाळ. उखडलेल्या डांबरावरून हळू जाणारी जुनी मारुती ८००.)

पंधरा-वीस वर्षं चाललेली गाडी खडखडायला लागली की पहिला आळ धक्के शोषणाऱ्या शॉकअपवर येतो. पुष्कळदा तो निर्दोष असतो. खराब शॉकअपमुळे गाडी डुलते, पण आवाज येईलच असं नाही. म्हणून जोडीचे पैसे मोजण्याआधी बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन जागेवर बसली तर ठीक. दोन-तीनदा हेलकावली, किंवा शॉकअपवरून तेल ओघळलेलं दिसलं, तर मात्र दोन्ही बाजूंचे बदला. नुसती तेलकट झाक चालते.

आवाज ऐकायला वडोदऱ्याच्या जुन्या शहरातली एखादी अरुंद पोळ, म्हणजे गल्ली, उत्तम. दोन्हीकडच्या भिंतींमुळे आवाज परतून कानावर येतो. पहाटेची वेळ, काचा खाली, वेग दहा-पंधरा. त्याआधी डिकी रिकामी करा. सैल जॅक आणि पान्यांनी भल्याभल्यांना लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बदलायला लावलेत!

आता कान द्या. एकाच चाकाखाली खड्डा आला की ‘टकटक’, पण सोसायटीच्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली की गप्प? मग संशय जम्पिंग रॉडच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणात गाडी कलू न देणारा आडवा दांडा) रबरी बुशांवर, आणि जिथे लिंक, म्हणजे त्याची छोटी जोडदांडी, असते तिथे लिंकवर. दोन्ही चाकं सारखी वर गेली तर त्या रॉडला पीळच बसत नाही. हीच गोष्ट तपासताना विसरली जाते. एकच चाक जॅकवर उचललं की रॉड ताणला जातो, झिजलेला सांधा दाबून बसतो आणि हलवला तरी घट्ट वाटतो. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर ठेवूनच तो हातानं हलवून पाहा.

ब्रेक दाबताना एकच ‘ठक्’ आला तर लोअर आर्मचे बुश बघा. मारुती ८००मध्ये हाच जम्पिंग रॉड लोअर आर्मला पुढेमागे धरून ठेवतो, त्यामुळे आर्ममधलं त्याचं रबर झिजलं की ब्रेक लागताच चाक मागे सरकतं. एकानं गाडी रांगत्या वेगानं चालवून ब्रेक मारावा, दुसऱ्यानं बाजूला उभं राहून चाक आणि मडगार्डमधली फट बघावी. सरकणं डोळ्यांना दिसतं. खडखड ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबत असेल, तर ती सस्पेन्शनची नाहीच. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) पिना आणि पॅड तपासा.

(दृश्य : पुढची बाजू स्टँडवर, दोन्ही हात चाकाच्या वर आणि खाली.)

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर आत बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा). डाव्या-उजव्या बाजूंना धरल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा).

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे बेअरिंग आणि फाटलेल्या बुटांचे (सांध्यावरचं रबरी आवरण) बॉल जॉइंट आधी पाहावेत. पाणी ग्रीस धुऊन नेतं, गंज नंतर बोलतो. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते. गाडी उजवीकडे वळवताना ती वाढली तर बहुधा डावं बेअरिंग गेलंय, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो.

कुरकुर येत असेल तर एकेका बुशावर पाणी मारा. ज्याच्यावर पाणी पडताच आवाज थांबला, तो सापडला. डिझेल किंवा इंजिन ऑइल मात्र मारू नका, रबर फुगतं.

स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टणण्’ वाजली तर संशय शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर. ते काम स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय कुणालाही करू देऊ नका. दाबलेल्या स्प्रिंगचा वरचा नट सुटला तर हात जाऊ शकतो.

आणि नवे बुश तीन महिन्यांत फाटतात, त्यात दरवेळी माल नकली नसतो. गाडी हवेत असताना आर्मचे बोल्ट पक्के आवळले की रबर लटकत्या स्थितीतच जखडलं जातं आणि चाकं जमिनीवर टेकल्यावर कायम पिळलेलं राहतं. बोल्ट आधी सैल लावा, गाडी खाली उतरवा, बॉनेटवर दोन-तीनदा दाब द्या, मग आवळा. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट.