उपरी आणि बांधव

परक्या मुलखातून येऊन राहिलेल्या माणसासाठी आपल्या मराठी बायबलात 'उपरी' हा शब्द योजला आहे, आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या जुन्या गावगाड्यात पिढीजात हक्काने जमीन कसणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन तसल्या हक्काशिवाय जमीन कसणारा तो उपरी. सिंगापूरमध्ये वर्क परमिटवर, म्हणजे कमी पगाराच्या परदेशी मजुरांच्या परवान्यावर, आलेल्या माणसाची स्थिती मला या एका शब्दाने जितकी नेमकी कळते, तितकी कायद्याच्या परिभाषेने कळत नाही. आज या सभागृहात बसलेले आपण बहुतेक जण एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे वरच्या पगाराच्या नोकरदारांच्या परवान्यावर, आलो आहोत, म्हणजे आपणही उपरीच. फक्त आपला पगार बरा असल्यामुळे ते आपल्या लक्षात राहत नाही.

बायबलातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात, १४ आणि १५ या वचनांत, मजुराविषयी जी आज्ञा आहे तिच्यात बांधव आणि उपरी शेजारीशेजारी उभे आहेत. मजूर तुझ्या बांधवांपैकी असो की तुझ्या गावात राहणाऱ्या उपऱ्यांपैकी असो, त्याला नाडू नकोस. सूर्य मावळण्यापूर्वी त्याची मजुरी चुकती कर, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला आहे, असा तिचा आशय. दोघांसाठी कारण एकच दिले आहे. कोणाला किती परवाने द्यावेत हे ठरवण्याचा देशाचा अधिकार या वचनाने काढून घेतला आहे, असे मी म्हणत नाही. पण एकदा माणसाला कामावर घेतले की त्याचा दाखला कोणत्या देशाचा आहे हे पाहून न्यायाचे माप बदलता येत नाही, एवढे ते निश्चित सांगते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झरसेन्स' या परिपत्रकात हीच भूमिका मांडली आहे.

आता स्थानिकांची बाजू, आणि ती आपण थोडी अवघडून का होईना, ऐकली पाहिजे. २०३० पर्यंत येथील लोकसंख्या ६९ लाखांपर्यंत जाऊ शकते असे सांगणारी श्वेतपत्रिका २०१३ च्या जानेवारीत निघाली आणि पुढच्याच महिन्यात हाँग लिम पार्कात हजारो नागरिक निषेधासाठी जमले. त्याच वर्षी सरकारने फेअर कन्सिडरेशन फ्रेमवर्क, म्हणजे नोकरभरतीत स्थानिकांचा रास्त विचार व्हावा यासाठीची नियमावली, जाहीर केले. ऑगस्ट २०१४ पासून, काही अपवाद वगळता, परदेशी माणसासाठी एम्प्लॉयमेंट पास मागण्याआधी ती जागा १४ दिवस जाहिरातीने स्थानिकांना खुली ठेवणे मालकांवर बंधनकारक झाले.

नियम चांगला आहे, पण तो कसा पाळला जातो हे मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होतो. जाहिरात रीतसर १४ दिवस लागली होती. मात्र अटी अशा कातरल्या होत्या की त्यांत एकच माणूस मावावा, आणि तो माणूस आमच्यातल्याच एकाचा पुण्यातला वर्गमित्र होता. चाळिशी ओलांडलेली एक स्थानिक बाई मुलाखतीला आली. आम्ही तिच्याशी वीस मिनिटे अतिशय सौजन्याने बोललो. ती गेल्यावर कागद गोळा करताना माझ्या लक्षात आले की तिच्या अर्जावर आमच्यापैकी कोणीही एक शब्दसुद्धा टिपलेला नव्हता. मीही नव्हता.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात दिवस कलेपर्यंत नाक्यावर उभी राहिलेली माणसे म्हणतात की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. त्यांच्या जागी गरीब परदेशी मजूर कल्पिण्याची आपल्याला सवय आहे. त्या दिवशी नाक्यावर उभी होती ती या देशाची नागरिक, आणि धनी होतो आम्ही उपरे. त्याच दृष्टान्तात धनी शेवटी आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो, पण सकाळपासून राबलेल्यांना ठरलेली मजुरी पुरी मिळते हेही विसरू नये. शेवटच्याला दिलेले पहिल्याच्या पदरातून काढलेले नाही.

वर्क परमिटच्या पायरीवर मात्र गणित निराळे आहे. परवान्यासाठी अर्ज मालकाने करायचा, रद्दही त्यानेच करायचा. मुदत संपण्याआधी दुसरा मालक धरायचा तर बहुधा पहिल्याची संमती लागते. मलेशियाबाहेरून आलेल्या प्रत्येक वर्क परमिटधारकामागे मालकाने सरकारकडे ५,००० सिंगापूर डॉलरची हमी ठेवायची असते आणि दरमहा लेव्ही, म्हणजे परदेशी कामगारामागचा कर, वेगळी. कामगार येतो तो बहुधा गावाकडच्या दलालाचे कर्ज डोक्यावर घेऊन. अशा माणसाला थकलेला ओव्हरटाइम मागण्याचे बळ कुठून येणार? आणि ज्याला मागता येत नाही असा मजूर हाताशी असला की त्याच कामावरच्या स्थानिकाची मजुरीही वर चढत नाही. म्हणून उपऱ्याला न्याय दिल्याने नागरिकाचे नुकसान होते, हा युक्तिवाद मला पटत नाही.

घरकाम करणाऱ्या परदेशी स्त्रिया तर येथील एम्प्लॉयमेंट ॲक्टच्या, म्हणजे नोकरदारांच्या हक्कांच्या मुख्य कायद्याच्या, बाहेरच आहेत. त्यांना आठवड्याची सुट्टी २०१३ पासून मिळाली, पण तीही पैसे देऊन भरून काढण्याची मुभा होती. महिन्यातून किमान एक सुट्टी पैशांच्या बदल्यात घेता येणार नाही, हा नियम २०२३ चा. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत दासी आणि वेशीच्या आतला उपरी यांचा उल्लेख स्पष्ट आहे, हे रविवारी तिला घरी स्वयंपाकाला ठेवून प्रार्थनेला येणाऱ्या आपल्यासारख्यांनी बायबलातील निर्गमाचा २०वा अध्याय उघडून एकदा वाचावे.

आमच्या घरी काम करणाऱ्या बाईचा पासपोर्ट दोन वर्षे माझ्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली, होता. तो असा ठेवणे येथे गुन्हा आहे हे मला ठाऊक होते, आणि सुरक्षित राहावा म्हणून ठेवला, हे उत्तरही तयार होते. एका संध्याकाळी मी तो तिला परत दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, थोडा वेळ उभी राहिली आणि मग विचारले, "सर, मी हा कुठे ठेवू?" तिच्या खोलीत कुलूप लागेल असा एकही खण नव्हता.