चारही सिलिंडरना सारखी हवा

(बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीवाले, वेल्डर, मेकॅनिक आणि डिप्लोमाचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, टर्बो गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरना हवा वाटून देणारा डबा आणि त्याच्या नळ्या, स्वतः बनवायचा विषय निघाला की आपल्याकडं कुणीतरी म्हणतंच, "टर्बो हवा ढकलतोच आहे की ओ, मग डबा कसला का असेना!" हॉर्सपॉवर किती वाढली ते नंतर बोलू. आधी चारही सिलिंडरना सारखी हवा जाते का, ते बघायचं. आजचा बहुतेक वेळ मी यालाच देणार आहे.

ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, चारही इंजेक्टरना जवळपास सारखंच पेट्रोल सोडायला सांगतो. त्याला मॅनिफोल्डमधला एकच प्रेशर सेन्सर दिसतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सरही बहुतेक गाड्यांत सगळ्यांचा धूर एकत्र झाल्यावर बसवलेला, म्हणजे तो सांगणार सरासरी. समजा चौथ्या सिलिंडरला पाच टक्के हवा जास्त गेली आणि पहिल्याला पाच टक्के कमी. सरासरी चोख येते, लॅपटॉपवर सगळं छान दिसतं. आत मात्र पहिला रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) चाललाय, चौथा लीन (पेट्रोल कमी). साध्या इंजिनात हे खपून जातं. फुल बूस्टवर, म्हणजे टर्बो पूर्ण दाबानं हवा भरत असताना, तोच चौथा नॉक करायला लागतो, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी भडकून ठोके बसतात, आणि ट्यूनरनं हौसेनं स्पार्कचं टायमिंग पुढं ओढलेलं असेल तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. मग दोष पिस्टनला, पेट्रोलला, नाहीतर नशिबाला.

आता चौथ्यालाच जास्त का? लांबट डबा, एका टोकाला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप), खाली चार नळ्या, हा सगळ्यात सोपा मॅनिफोल्ड. हिडकलच्या कालव्यावर शेती असणाऱ्यांना ठाऊक आहे, शेवटच्या रानापर्यंत पाणी पोचतच नाही. इथं उलटं होतं. हवा वेगात आत येते, पहिल्या नळीच्या तोंडावरून आडवी निघून जाते, आणि शेवटच्या भिंतीला अडून वेग हरवते. वेग गेला की तिथला दाब वाढतो. म्हणून बहुतेक वेळा टोकाच्या नळीत जास्त हवा शिरते. उपाय म्हणजे प्लेनम, म्हणजे तो डबा, थ्रॉटलकडून टोकाकडं निमुळता करत न्यायचा. प्रत्येक नळीनं आपला वाटा उचलला की पुढच्या हवेला जागा कमी लागते, तेवढीच ठेवायची. थ्रॉटलमधून येणारा झोत थेट पहिल्या नळीच्या तोंडावरून जाणार नाही, एवढंही बघा.

नळीच्या तोंडाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात स्वस्तात मिळणारा फायदा इथंच आहे आणि इथंच लोक कंटाळा करतात. पाइप कापला, डब्याच्या भिंतीशी सपाट वेल्ड केला, तर धारदार कडेवरून आत वळताना हवेचा जो तोटा होतो त्याचा गुणांक 0.5 धरतात. तोच पाइप डब्यात पुढं आलेला ठेवला तर 0.8 च्या आसपास जातो. कड व्यवस्थित गोल केली, गोलाईची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या पाचव्या हिश्श्याइतकी ठेवली, तर 0.05 च्याही खाली येतो. 40 मिलिमीटरच्या नळीला 8 मिलिमीटरची गोलाई, बस्स. आपल्या सीएनसीवाल्याला हे चहा येईपर्यंतचं काम आहे.

नळीची लांबी किती, हा पुढचा ठरलेला प्रश्न. व्हॉल्व्ह उघडला की ओढीची लहर नळीतून वर जाते, प्लेनमच्या तोंडाशी उलटते आणि दाबाची लहर होऊन खाली येते. व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत ती पोचली तर थोडी हवा फुकट मिळते. 50 अंश तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 360 मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात 36 सेंटिमीटर. 6000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 36 अंश फिरतो. म्हणजे क्रँकच्या एका अंशाला लहर एक सेंटिमीटर जाते! व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत 35 सेंटिमीटर असेल तर जाऊन येऊन 70 अंश. 3000 ला त्याच्या निम्मे, 35. बूस्ट वाढवला म्हणून हे गणित बदलत नाही, कारण ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो, दाबावर नाही. पण टर्बोत या फुकटच्या हवेसाठी फार जीव काढू नका. बॉनेटखाली जेवढी जागा आहे तेवढी लांबी घ्या, फक्त चारही नळ्या सारख्या ठेवा.

तापमान निघालंच आहे तर बेळगावची उंची विसरू नका. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर वर आहोत, इथं हवेचा दाब 0.92 बारच्या आसपास. गोव्यात ट्यून केलेली गाडी चोर्ला घाट चढून आली आणि मॅनिफोल्डमध्ये तेवढाच एकूण दाब हवा असेल, तर टर्बोमधल्या कंप्रेसरला जास्त दाबावं लागतं आणि हवा जास्त तापते. 30 अंशांची हवा दुप्पट दाबली तर बऱ्या कंप्रेसरमधूनही ती 120 च्या वर निघते. ही तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर कुठं आहे ते म्हणून आधी बघा. फोक्सवॅगनच्या 1.0 टीएसआयमध्ये पाण्यानं थंड होणारा इंटरकूलर मॅनिफोल्डमध्येच बसवलाय. तो मॅनिफोल्ड काढला की कूलरही गेला, मग नवी सोय तुमची तुम्ही करायची.

आता बनवण्याचं. आपल्या गावाचा हात बिडावर, म्हणजे कास्ट आयर्नवर, बसलेला आहे, ॲल्युमिनियमला तो थोडा वळवावा लागतो. बीड थंड होताना मीटरला सुमारे 10 मिलिमीटर आकसतं, ॲल्युमिनियम 13. ओतकामाचा नमुना करणाऱ्या पॅटर्नमेकरनं बिडाच्या सवयीची मापपट्टी घेतली तर 400 मिलिमीटरच्या फ्लँजवर (हेडला बोल्टनं बसणाऱ्या सपाट कडेवर) सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो. बोल्टची भोकं नंतर पाडाल हो, पण कोअरनं (साच्यातल्या गाभ्यानं) आलेले पोर्ट, म्हणजे हवेची भोकं, हेडच्या पोर्टशी जुळणार नाहीत, आणि ती पायरी गॅस्केटखाली लपून राहील. एलएम25 (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) ओतत असाल तर वितळलेल्या धातूतला गॅस काढल्याशिवाय ओतू नका. सच्छिद्र भिंत बूस्टवर गळते. वेल्ड करणार असाल तर फ्लँज जाड घ्या, वेल्डनंतर वाकणारच आहे, फेसिंग (तोंड सपाट करणं) शेवटी करा. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचा नमुना काढा, फिटिंग बघा, आणि इंजिन सुरू करायच्या आधी काढून घ्या. 60 अंशांना तो मऊ पडतो.

डबा चौकोनी करू नका. 400 बाय 80 मिलिमीटरची सपाट पत्र्याची बाजू आणि एक बार बूस्ट, म्हणजे आतून सुमारे 325 किलोचा रेटा, आणि तोही दर वेळी पाय दाबला-सोडला की येणारा-जाणारा. वेल्डच्या कडेला चीर पडते. गोल करा, नाहीतर आतून रिब द्या.

पेट्रोल गाड्यांत ब्रेक बूस्टरची ओढ (व्हॅक्यूम) बऱ्याचदा याच मॅनिफोल्डमधून घेतलेली असते. ते नोझल आणि त्याचा नॉनरिटर्न व्हॉल्व्ह विसरलात तर गाडी पळेल जोरात, थांबताना ब्रेक दगडासारखा लागेल. ब्लोबायच्या, म्हणजे पिस्टनच्या कडेनं निसटणाऱ्या वायूच्या, नळीलाही जागा ठेवा. प्रेशर सेन्सर थ्रॉटलच्या झोतात नको, नळीच्या तोंडाशीही नको. डब्यात शांत जागा शोधा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचे तपशील मूळ कंपनीच्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावलंय. त्यामुळं मी बोलतोय ते ट्रॅकच्या गाडीबद्दल. खानापूर रोडवर मित्राला दाखवायच्या गाडीबद्दल नाही.

विद्यार्थ्यांनी विचारलं, वाटणी सारखी झाली हे कळणार कसं? फ्लो बेंच (नळीतून किती हवा जाते ते मोजणारं यंत्र) मिळाला तर 28 इंच पाण्याच्या ओढीवर एकेक नळी मोजा, पण हेडला जोडून मोजा, मोकळ्या मॅनिफोल्डचा आकडा फसवा असतो. बेंच नसेल तर चारही एक्झॉस्ट पोर्टमध्ये के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बसवा आणि कमी बूस्टवर, रिच मिश्रणावर सुरुवात करा. चौघांपैकी एकाचंच तापमान सारखं वेगळं येत असेल तर आधी इंजेक्टर आणि प्लग अदलाबदल करून बघा. फरक त्यांच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला, तर मॅनिफोल्ड निर्दोष. फरक तिथंच राहिला आणि कंप्रेशनही ठीक असेल, तर मॅनिफोल्ड काढून परत बेंचवर. बूस्टच्या स्क्रूला तोवर कुणी हात लावायचा नाही.