परत आलेला मुलूख आणि शत्रूच्या शिक्क्याचे कागद

श्रोतेहो, नमस्कार. वडील वारले आणि फेरफार वेळेत झाला नाही, तर स्वतःच्याच वावरावर पीककर्ज मिळवण्यासाठी वारसाला तलाठ्याकडे आणि तहसीलीत किती खेटे घालावे लागतात, हे यवतमाळ-वाशीमकडच्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. ज्या मुलखात काही वर्षे शत्रूचाच अंमल होता, तेथे तर जन्म, लग्न, मृत्यू, खरेदीखत अशा प्रत्येक नोंदीवर शत्रूच्या कचेरीचा शिक्का असतो. युद्धाने वा तहाने मुलूख परत मिळाल्यावर या नोंदी मानायच्या की नाहीत, हे ठरवल्यावाचून तेथील कारभार सुरूच होत नाही.

नामिबियावरील दक्षिण आफ्रिकेचा ताबा बेकायदेशीर ठरवताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ साली सांगितले, की त्या राजवटीची कृत्ये अवैध असली, तरी जन्म, मृत्यू आणि विवाहाच्या नोंदी नाकारून रहिवाशांचे नुकसान करता येणार नाही. मला हे मत अत्यंत न्याय्य वाटते. तरीही २०१४ साली रशियाने युक्रेनकडून बळकावलेल्या क्रिमियात त्यानंतर जन्मलेल्या कितीतरी बालकांचा जन्म युक्रेनच्या दप्तरी लागावा, म्हणून आईवडिलांना युक्रेनच्या न्यायालयात जावे लागले.

क्रोएशियाने हे काम बऱ्याच विचारपूर्वक केले. १९९१ च्या नोव्हेंबरात पूर्व क्रोएशियातले वुकोवार शहर सर्ब फौजांच्या हाती पडले. पुढे १२ नोव्हेंबर १९९५ च्या एर्दुत करारानुसार तो पूर्वेकडचा प्रदेश संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे गेला आणि १५ जानेवारी १९९८ रोजी क्रोएशियाकडे सोपवला गेला. मधल्या काळात शस्त्रे गोळा झाली, निवडणुका झाल्या, आणि ताब्याच्या काळातील कागदपत्रांना मान्यता देणारा कायदा १९९७ साली झाला. घरांचा गुंता मात्र अवघड होता, कारण पळून गेलेल्या क्रोएट कुटुंबांच्या घरांत दुसरीकडून हाकलली गेलेली सर्ब कुटुंबे राहत होती, आणि एकाला घर द्यायचे तर दुसऱ्याला रस्त्यावर काढावे लागत होते. वुकोवारमध्ये सर्ब आणि क्रोएट मुले कित्येक वर्षे वेगवेगळ्या वर्गांत शिकत राहिली.

कागदांहून कठीण प्रश्न माणसांचा आहे. १९१८ साली आल्सास-लोरेन हा सीमेवरचा मुलूख जर्मनीकडून परत मिळताच फ्रान्सने रहिवाशांना त्यांच्या जन्म-वंशावरून चार प्रकारची ओळखपत्रे दिली आणि अनेकांना जर्मनीत घालवून दिले. आपल्याच म्हणवलेल्या लोकांवर हा उघड अन्याय होता. युक्रेनने मार्च २०२२ मध्ये शत्रूशी सहकार्य हा गुन्हा ठरवला, आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला खेरसोन शहर रशियाच्या ताब्यातून मुक्त झाल्यावर तो कायदा तेथील रहिवाशांनाही लागू झाला. शेजाऱ्यांची नावे शत्रूला देणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका आणि वीज चालू ठेवणारा तारतंत्री यांनी गावच जगवले, असे मी मानतो. शत्रूचे पुस्तक शिकवणाऱ्या शिक्षकाबद्दल इतक्या चटकन निर्णय देता येत नाही. तेथे दबाव किती होता, हे प्रत्येकाबाबत वेगळे तपासावे लागते. कोणते काम गुन्हा आणि कोणते नाही, हे त्या लोकांना मुलूख सुटण्याआधीच कळले पाहिजे, नाहीतर निरपराध माणसेही माघार घेणाऱ्या सैन्यामागे भीतीने निघून जातात आणि त्यांची घरे पुन्हा नव्या वादात अडकतात.