येळ्ळूरचा अर्धा ळ

दृश्य : छापलेल्या पत्रिकेचा कोपरा, भिंगाखाली.

हे नाव येळ्ळूर. बेळगावजवळ, राजहंसगडाच्या परिसरातलं गाव. नावात दोन ळ, पहिला अर्धा आणि दुसरा पूर्ण. या कागदावर पहिला ळ अर्धा झालेलाच नाही. तो अख्खा उभा आहे आणि त्याच्या पायाशी एक तिरकी रेघ लोंबतेय. खाली 'सगळ्यांनी' बघा, तिथेही तेच. 'न्य', 'स्त', 'त्य' मात्र व्यवस्थित जुळलेत. बिघडलाय तो फक्त ळ.

हिंदीच्या रोजच्या लिखाणात ळ येत नाही. देवनागरी फॉन्ट हिंदी मजकुरावर तपासला की हा दोष नजरेला पडतच नाही. मराठी लिहिणाऱ्याला तो पहिल्या परिच्छेदात दिसतो. म्हणून असा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, शोधून शेवटापर्यंत नेणं हे मराठी माणसाचंच काम आहे.

दृश्य : शहापुरातला छापखाना. संगणकाचा पडदा, मागे यंत्राचा आवाज.

छापखान्याचे मालक : "पत्रिका आणणाऱ्यांच्या घरच्या लॅपटॉपवर बरोबर दिसतंय की हो. आमच्याकडं आलं आणि मोडलं."

हे वाक्य बग शोधणाऱ्याच्या फार उपयोगाचं आहे. फाइल एक, संगणक दोन आणि निकाल वेगळे. म्हणजे दोन यंत्रांत काहीतरी वेगळं आहे. ते काय, एवढंच आता शोधायचं.

पहिली शंका फॉन्टवर. लिब्रेऑफिस या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये फाइलीतला फॉन्ट त्या संगणकावर नसेल, तर वरच्या चौकटीत त्याचं नाव तिरप्या अक्षरांत दिसतं आणि मजकूर दुसऱ्याच फॉन्टात उमटतो. इथे नाव सरळ आहे, म्हणजे फॉन्ट आहे. तरी पीडीएफ काढून 'पीडीएफफॉन्ट्स' ही आज्ञा चालवायची. पीडीएफमध्ये खरोखर कुठला फॉन्ट गेला आणि तो आत भरला गेला की नाही, ते ती सांगते. सीमाभागात ही पायरी टाळून चालतच नाही, कारण इथे एका पानावर मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. लिब्रेऑफिस या दोन्ही लिप्या एकाच गटात धरतं आणि गटाला फॉन्ट एकच. त्या मराठी फॉन्टात कन्नड अक्षरं नसली, की प्रणाली हाताशी असेल तो कन्नड फॉन्ट उचलते, आणि तो प्रत्येक यंत्रावर वेगळा असू शकतो. त्यात नुडी या कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधला जुना, युनिकोडआधीचा (म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक ठरण्याआधीच्या पद्धतीचा) कन्नड मजकूर चिकटवला असेल तर आणखी गोंधळ. यातलं बरंचसं बग म्हणून नोंदवलं जातं आणि पुष्कळदा तो बग नसतोच.

दृश्य : टिळकवाडी, रात्र. जेवणाच्या टेबलावर तीन लॅपटॉप.

दिवसा उद्यमबागेतली नोकरी किंवा कॉलेज, आणि रात्री हे स्वयंसेवकांचं काम. पगार नाही, साहेब नाही.

प्रश्न असा : चूक लिब्रेऑफिसची, अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनाची, की फॉन्टची? ते इंजिन म्हणजे हार्फबझ. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड हे सगळे तेच वापरतात. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिस विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर अक्षरजुळणी हार्फबझकडूनच करून घेतं. हार्फबझबरोबर दोन छोटी साधनं मिळतात. 'एचबी-व्ह्यू' फॉन्ट आणि शब्द घेऊन चित्र काढून देतं. 'एचबी-शेप' चित्राऐवजी यादी देतं, कुठली आकृती कुठल्या क्रमाने आली त्याची.

दृश्य : काळ्या पडद्यावर दोन ओळी, एकाखाली एक.

वरची ओळ भाषा हिंदी सांगून काढलेली : अर्धा ळ, पूर्ण ळ, दीर्घ ऊकार. खालची भाषा मराठी सांगून : पूर्ण ळ, हलन्ताची रेघ, पूर्ण ळ, दीर्घ ऊकार. फॉन्ट तोच, अक्षरं तीच, फक्त भाषेची खूण बदलली.

इथे लिब्रेऑफिस सुटलं, कारण ते मध्ये नव्हतंच. अर्ध्या ळची आकृतीही फॉन्टात आहे, नाहीतर वरच्या ओळीत ती आली नसती. उरला फॉन्टातला नियम.

ओपनटाइप या आजच्या प्रचलित प्रकारच्या फॉन्टात अक्षरजुळणीचे नियम भाषावार यादीत मांडता येतात. एक सर्वसाधारण यादी, आणि हवी तर मराठीची वेगळी. मराठीची यादी लागते, कारण मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून निराळे. पण मराठीची यादी एकदा तयार झाली, की मजकूर मराठी असताना इंजिन फक्त तीच वाचतं. सर्वसाधारण यादीतलं काहीही आपोआप तिच्यात उतरत नाही. सगळे नियम तिथे पुन्हा जोडावे लागतात आणि एखादा राहून गेला तर कुठलीही सूचना येत नाही. फॉन्ट बिनतक्रार तयार होतो. या फॉन्टात मराठी ल आणि श आणायला यादी केली, बाकीचे अर्ध्या अक्षरांचे नियम जोडले, आणि नंतर नियमांच्या वेगळ्या गठ्ठ्यात आलेला ळ तेवढा राहिला. मराठीसाठी केलेल्या सुधारणेनेच मराठी ळ मोडला.

आधी चालत होतं आणि आता मोडलं, अशा बगला रिग्रेशन म्हणतात. घरच्या लॅपटॉपवर बरोबर दिसण्याचं कारणही हेच, तिथे याच फॉन्टची जुनी आवृत्ती आहे.

दृश्य : पडद्यावरून सरकणारी बदलांची लांब यादी.

नेमक्या कुठल्या बदलाने मोडलं, हे शोधायला गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची 'गिट बायसेक्ट' ही आज्ञा. एक चांगली आवृत्ती आणि एक बिघडलेली सांगायची. गिट मधली काढून देतं. ती तपासायची, 'चांगली' किंवा 'वाईट' म्हणायचं, आणि उरलेल्या निम्म्यात पुन्हा मधली. पाचशे बदल असले तरी नऊ तपासण्यांत काम होतं. दर वेळी हाताने बघण्याऐवजी छोटी स्क्रिप्ट लिहावी : फॉन्ट तयार कर, एचबी-शेप चालव, यादीत हलन्त आहे का बघ. नसेल तर शून्य परत दे, असेल तर एक. फॉन्ट तयारच झाला नाही तर १२५, म्हणजे गिट ती पायरी वगळतं. १२५ विसरलं की फसगत होते : न बनलेला फॉन्ट 'वाईट' धरला जातो आणि दोष भलत्याच बदलावर जातो. हाताने तपासताना एक उत्तर चुकलं तरी तेच. अशा वेळी सगळं पुन्हा करू नये. 'बायसेक्ट लॉग' फाइलीत काढून घ्यायचा, चुकलेली ओळ दुरुस्त करायची आणि 'रिप्ले' द्यायचा.

लिब्रेऑफिससारखा अवाढव्य प्रकल्प साध्या लॅपटॉपवर बांधायला कित्येक तास जातात. त्यासाठी तिथले स्वयंसेवक आधीच बांधलेल्या आवृत्त्यांचे साठे ठेवतात. ते उतरवून घेतले की कोडची एक ओळ न वाचताही दोषी बदलाच्या अगदी जवळ पोचता येतं. कोडिंग न येणाऱ्याला करता येणारं हे मोलाचं काम आहे, आणि त्याला माणसं कमी पडतात.

दृश्य : बग नोंदवण्याचा फॉर्म. बोटं थांबतात, पुन्हा चालतात.

आता रिपोर्ट. पलीकडे वाचणाऱ्याला मराठी येत असेल असं धरायचं नाही. 'येळ्ळूर चुकीचं दिसतं' यातून त्याला काहीच कळणार नाही. म्हणून : शब्द कमीत कमी, इथे फक्त 'ळ्ळ'. त्याचे युनिकोड क्रमांक ०९३३, ०९४डी, ०९३३. फॉन्टची आवृत्ती, संगणकप्रणाली, भाषेची खूण. दोन चित्रं शेजारी, 'असं यायला हवं' आणि 'असं येतं'. करून बघायच्या पायऱ्या. आणि एका नोंदीत एकच बग. ळ बरोबर ऱ्य चीही तक्रार घुसडली, तर एक सुटतो, नोंद बंद होते आणि दुसरा हरवतो.

हाच बग लिब्रेऑफिसकडे गेला असता तर 'अनकन्फर्म्ड' म्हणून सुरू झाला असता. दुसऱ्या कुणाला तो आपल्या यंत्रावर दिसला की 'न्यू'. नोंदवणाऱ्याने स्वतःच तो पक्का करायचा नसतो. माहिती अपुरी असेल तर 'नीडइन्फो', आणि उत्तर आलं नाही तर काही महिन्यांनी नोंद बंद. चूक फॉन्टची निघाली तर 'नॉट अवर बग'. हे वाचून पुष्कळ लोक दुखावतात आणि काम सोडतात. तसं करू नये. नोंद योग्य दारात न्यायची आणि दोन्हीकडे एकमेकींचा दुवा द्यायचा. सुरक्षेचा बग मात्र असा चारचौघांत मांडायचा नाही. तो प्रकल्पाच्या खासगी पत्त्यावर कळवायचा.

दृश्य : एक हिरवी ओळ. आजूबाजूचं सगळं जसंच्या तसं.

दुरुस्ती एवढीच. मराठीच्या यादीत ळचा गठ्ठा जोडला. पण नुसती ही ओळ धाडून भागत नाही, सोबत चाचणी हवी : 'ळ्ळ' आणि 'ळ्य', दोन्ही भाषांच्या खुणा लावून, साध्या आणि ठळक वजनांत, अपेक्षित यादीसह. पुढे कुणी यादीला हात लावला आणि ळ पुन्हा सुटला, तर ही चाचणी लाल होते आणि बदल आत जाण्याआधीच अडतो. चाचणीशिवायची दुरुस्ती ही अर्धी दुरुस्ती.

मेंटेनरने, म्हणजे फॉन्ट सांभाळणाऱ्याने, दोन प्रश्न विचारले, उत्तरं दिली, बदल आत गेला. नव्या आवृत्तीत तो सगळीकडे पोचला.

दृश्य : पुन्हा छापखाना. नवा फॉन्ट बसवला जातोय.

नवा फॉन्ट बसवूनही कागदावर जुनाच ळ येऊ शकतो. लिनक्सवर एक प्रत प्रणालीच्या फोल्डरमध्ये आणि दुसरी वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरमध्ये असू शकते, आणि कुठली उचलली जाईल याचा भरवसा नाही. 'एफसी-लिस्ट' चालवून त्याच नावाच्या सगळ्या प्रती शोधायच्या, बिघडलेली काढून टाकायची, 'एफसी-कॅश'ने फॉन्टांची साठवलेली यादी ताजी करायची, लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं. मग पीडीएफ, मग कागद. कागदावर ळ्ळ नीट आला, तरच मूळ नोंदीत जाऊन आवृत्तीच्या क्रमांकासह 'तपासलं, सुटलं' असं लिहायचं.