शिकारी मासे एकत्र ठेवायचेत? आधी तोंड बघा, मग किंमत विचारा

नमस्कार मंडळी.

म्हापशात जा, मडगावात जा, दुकानात चित्र तेच. तीन इंचांचा ऑस्कर, बोटाएवढी अरोवाना, तळाशी मिशा हलवत फिरणारा रेडटेल कॅटफिश. दुकानदार म्हणतो, "राहतात हो एकत्र, काही होत नाही." पहिले काही महिने खरंच काही होत नाही. मग एका सकाळी मोजायला लागता, तर एक मासा कमी.

आज चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी धरून चालू. वरपर्यंत भरली तर साडेचारशे लिटर. त्यात कोण कोणाबरोबर टिकतो, ते बघायचंय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. शिकारी मासा वेगळा आणि भांडखोर मासा वेगळा. बिचिर, अरोवाना, डॅटनॉइड हे शिकारी. तोंडात मावेल ते गिळणार, मावत नाही त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल, जॅक डेम्प्सी यांचं तसं नाही. त्यांना समोरचा खायचा नसतो, त्यांना जागा हवी असते. त्यामुळे दुप्पट मोठ्या माशाचीही शेपटी फाडून ठेवतात. मिश्र टाकी पहिल्या गटातून उभी करायची आणि दुसऱ्यातला फार तर एक घ्यायचा, तोही मवाळ. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवा. यात तडजोड नाही.

(कॅमेरा टाकीजवळ)

आता हे तोंड नीट बघा. दाणा टाकतो. दिसलं? बंद असताना एवढंसं वाटणारं तोंड उघडताना पुढे सरकून नळीसारखं झालं. या टाकीतले बहुतेक शिकारी चावून खात नाहीत, पाण्यासकट आख्खा घास ओढून घेतात. म्हणून शेजारी निवडताना लांबी बघून चालत नाही, अंगाची उंची बघायची. चार इंचांचा बारीक लांबट मासा ऑस्करच्या पोटात जाईल, पण चार इंचांचा सिल्व्हर डॉलर उभा आणि चपटा असल्यामुळे वाचेल. दुकानात मासा घेताना एक दाणा टाकायला सांगाच. तोंडही दिसतं आणि मासा खातोय की नाही तेही कळतं.

याला एक अपवाद आहे, काटेवाले कॅटफिश. पिक्टस, कोरीडोरास वगैरे. घरी शिंगाळा साफ केलाय त्यांना ठाऊक असेल, त्याच्या परामधला काटा एकदा ताठ झाला की मागे वळत नाही. तोंडात मावला म्हणून ऑस्कर तो गिळायला जातो, काटा घशात अडकतो आणि दोघेही जातात. तोंडात मावेल असा काटेरी मासा घालूच नका.

मग घालायचं काय? माझ्या मते या मापात एक ऑस्कर, पाच सिल्व्हर डॉलर आणि एक सेनेगल बिचिर. ऑस्कर फूटभर होतो आणि मधला थर धरतो. सिल्व्हर डॉलर सहा इंचांपर्यंत वाढतात, थव्याने फिरतात, त्यामुळे ऑस्करचा राग एकावरच निघत नाही. बिचिर तळाशी असतो, रात्री फिरतो, वाढून साधारण फूटभर. टाकी भरली. अजून एक "छोटासा" नको. खरी झाडंही विसरा, डॉलर ती चरून टाकतील. लाकूड आणि मोठे गोटे पुरेत.

घालायचा क्रम महत्त्वाचा. आधी डॉलर, निदान तीन इंचांचे. मग पाच इंचांचा बिचिर. ऑस्कर सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यांत लहान. तो महिन्याला जवळपास इंचभर वाढतो, मागे पडणार नाही. शेवटी आल्यामुळे टाकी आपलीच, असं त्याला लगेच वाटत नाही. प्रत्येक नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

बिचिर वर येऊन हवा घेतो, म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात दोन इंच मोकळे हवेत. आणि तो पळपुटा आहे. फिल्टरच्या पाइपसाठी ठेवलेल्या भोकातूनही निसटतो, तिथे स्पंज कोंबा.

अरोवाना का नाही? ती दोन-अडीच फुटांवर जाते. दोन फूट रुंदीच्या टाकीत तिला धड वळताही येत नाही. रेडटेल तीन फुटांच्या वर. दुकानात "शार्क" म्हणून मिळतो तो पंगास, म्हणजे हॉटेलातला बासा! त्याला तळं लागतं. अॅलिगेटर गार तर नकोच. 2018च्या पुरानंतर केरळच्या नद्यांत असेच पाळलेले परदेशी मासे सापडले होते. झेपेना म्हणून मयेच्या तळ्यात किंवा मानशीत (खाजनाच्या बांधावरच्या पाण्याच्या दाराशी) मासा सोडू नका, दुकानात परत द्या.

आता पाणी. इथे गोव्यात लोक नेमके फसतात. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि आम्लाकडे झुकलेलं असतं. ऑस्करला ते चालतं. पण शिकारी मासे मांस खातात, घाण जास्त करतात, आणि ती पचवताना फिल्टरमधले जिवाणू पाण्यातला केएच, म्हणजे आम्ल पेलण्याची ताकद, संपवतात. विहिरीच्या पाण्यात तो मुळातच कमी. केएच संपला की पीएच कोसळतो, सहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो. आम्ल पाण्यात तो फारसा विषारी नसतो, म्हणून मासे ठीकठाक दिसतात. मग कोणीतरी घाबरून अर्धी टाकी नळाच्या पाण्याने बदलतो. पीएच एकदम वर जातो, साचलेला अमोनिया विषारी होतो आणि संध्याकाळपर्यंत मासे आडवे. दोष बिचाऱ्या नळाच्या पाण्याला!

असं झालं तर रोज दहा टक्केच पाणी बदला आणि खाणं बंद ठेवा. होऊ नये म्हणून तिसऱ्यांची (शिंपल्यांची) कवचं उकळून, वाळवून, अर्धा किलो जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवा. दर आठवड्याला केएच तपासा, चारच्या आसपास राहू दे. टाकी स्थिर असेल तर आठवड्याला चाळीस टक्के पाणी बदलायचं. नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन घालून.

एप्रिल-मे महिन्यांत पाणी सहज तीस अंशांवर जातं. पंचवीस अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तिसाला साडेसात. त्यात पावसाळ्यात वीज गेली की आधी ऑस्कर धापा टाकतो. बॅटरीवरचा एअर पंप मे महिन्यातच घेऊन ठेवा.

खाणं पेलेटचं, म्हणजे तयार दाण्यांचं लावा. कोळंबी आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. फक्त कोळंबीवर ठेवलं तर बी-वन जीवनसत्त्व कमी पडतं. जिवंत गप्पी, गोल्डफिश नकोत, रोग घेऊन येतात. शिवाय 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत रोज ताजी कोळंबी कुठून आणणार? सवय आधीच मोडा. तीन दिवस उपाशी ठेवा, मग कोळंबीच्या पाण्यात भिजवलेले दोन-तीन दाणे टाका. थुंकेल, कोपऱ्यात रुसून बसेल. दहा मिनिटांनी उरलेलं काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तेच करा. निरोगी मोठा ऑस्कर आठवडाभराच्या उपासाने मरत नाही.

म्हणूनच चवथीला गावच्या घरी जाताना शेजाऱ्याला चावी द्या, पण खाण्याचा डबा देऊ नका. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला आणि फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात धुवा. शेजाऱ्याने रोज येऊन एवढंच बघायचं, फिल्टर चालू आहे ना आणि झाकण जागेवर आहे ना.