तारखेला सोबत कोण?

[दृश्य : ठाणे, कोर्ट नाका. सकाळची वर्दळ.]

या चित्रफितीत तुम्हाला एकही मूल दिसणार नाही. नाव, शाळा, वस्ती, काहीच नाही. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि त्यात पाय घसरतो तो आम्हा कॅमेरेवाल्यांचाच. म्हणून कॅमेरा मोठ्यांवरच ठेवलाय, त्यातही तारखेला मुलासोबत येणाऱ्या एका ताईंवर.

मोठी माणसं इथे काही कमी नाहीत. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा नोंदला गेला की मुलाभोवती रांगच लागते : जबाब घेणाऱ्या पोलीस बाई, डॉक्टर, दंडाधिकारी, बालकल्याण समिती, सरकारी वकील, आरोपीचे वकील, न्यायाधीश. पण तपास अधिकाऱ्याची बदली होते. सरकारी वकील बदलतात. समितीच्या सदस्यांची मुदतही जास्तीत जास्त तीन वर्षं. खटला शक्यतो वर्षभरात संपवा असं २०१२चा हाच कायदा सांगतो. तारखा मात्र पडतच राहतात. नवा माणूस येतो, मायेनंच म्हणतो, "बाळा, काय झालं ते पहिल्यापासून सांग."

मूल किती वेळा सांगणार?

[दृश्य : न्यायालयाबाहेरचं बाकडं. हातात पिशवी घेतलेल्या एक ताई, पाठमोऱ्या.]

या ताई वकील नाहीत. पॉक्सोच्या २०२०च्या नियमांत त्यांना सहायक व्यक्ती म्हटलंय. इथे सगळे 'सपोर्ट पर्सन'च म्हणतात. नेमणूक बालकल्याण समिती करते, मूल आणि पालकांच्या संमतीनं. तपासापासून निकालापर्यंत हा एकच चेहरा मुलासोबत राहावा, एवढाच त्यामागचा हेतू. दर महिन्याला समितीला अहवाल द्यायचा : मूल कसं आहे, झोपतं का, शाळेत जातं का, आणि घरात काय चाललंय.

सगळं अडतं ते घरात. आरोपी काका असतो, कधी बापच, आणि तोच कमावता. चार महिन्यांचं भाडं थकतं, आजी म्हणते, "झालं गेलं, सोड आता." मग मूल साक्षीला उभं राहून "काही झालं नव्हतं" म्हणतं. कागदावर नोंद होते, साक्षीदार फितूर. मुलाला फितूर म्हणावं लागतं, याचं आम्हाला अजूनही नवल वाटतं. ताईंना हे आधी दिसलेलं असतं, कारण त्यांनी त्याच घरात बसून चहा प्यायलेला असतो. दबाव जाणवला की तो अहवालात जातो, आणि गरज पडली तर मुलाला दुसरीकडे ठेवायचं का, याचा विचार समिती करते.

अमेरिकेत सिएटलला हीच कल्पना वेगळ्या वाटेनं आली. नुसत्या कागदांवरून मुलांचं भवितव्य ठरवावं लागतंय, याची डेव्हिड सूकप या न्यायाधीशांना टोचणी लागली होती. १९७७मध्ये त्यांनी साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन मुलांच्या वतीनं न्यायालयात बोलायला उभं केलं. तिकडचा स्वयंसेवक आपलं मत थेट न्यायाधीशांपुढे मांडतो. आपल्याकडे अहवाल जातो समितीकडे.

[दृश्य : कल्याणहून ठाण्याकडे येणारी लोकल.]

ठाणे जिल्हा नकाशावर वाटतो तेवढा छोटा नाही. मुरबाडला रेल्वे नाही. तारीख ठाण्यात असली, तर तिथल्या आईनं पहाटेची एसटी धरायची, कल्याणला लोकल, मग ठाण्याला उतरून कोर्ट नाका. आणि पुकारा झाल्यावर कळतं, पुढची तारीख. पालकांचा धीर खचतो तो अशा दिवशी. म्हणून ताई आदल्या दिवशीच सरकारी वकिलांना फोन लावून विचारतात : उद्या साक्ष होणार आहे का नक्की? काम एवढंसं, पण त्यानं एका घराची रोजंदारी वाचते.

साक्षीआधी त्या मुलाला न्यायालयाची खोली दाखवून आणतात. न्यायाधीश कुठे बसतात, पाणी कुठे मिळेल, मध्येच थांबावंसं वाटलं तर कुणाला सांगायचं. आरोपी समोर दिसणार नाही अशी व्यवस्था करणं न्यायालयावर बंधनकारक आहे. वकिलांचे प्रश्नही न्यायाधीशांमार्फतच विचारले जायला हवेत. हे मुलाला समजेल असं सांगायचं. काय बोलायचं ते मात्र चुकूनही सांगायचं नाही. साक्षीदार पढवलेला आहे असं आरोपीच्या वकिलांनी दाखवून दिलं, की खटलाच डळमळतो.

"त्याला शिक्षा होईल ना, मावशी?" या प्रश्नाला ताई "हो" म्हणत नाहीत. "मी तारखेला असेन," एवढंच म्हणतात.

हे काम फुकटचं नाही. कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतका मोबदला नियमांतच आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २०२३मध्ये बजावलंय, की अशी व्यक्ती मिळू शकते हे प्रत्येक कुटुंबाला सांगितलंच पाहिजे.

[दृश्य : शेवटची पाटी.]

समाजकार्य, मानसशास्त्र, बालविकास यांचं शिक्षण किंवा मुलांसोबतच्या कामाचा अनुभव असेल, तर सपोर्ट पर्सन होण्यासाठी जिल्हा बालसंरक्षण कक्षात चौकशी करा. वर्षभरात गाव सोडायचं ठरलं असेल, तर सध्या नाव देऊ नका. मूल अडचणीत दिसलं, तर फोन कुणीही करू शकतं : १०९८.